मध्यभागी उभा असलेला इसम

माझ्या मुलाचं लग्न झालं आहे ही गोष्ट मला मान्य होती, हिला मान्य होती, सूनबाईला आणि तिच्या आईवडिलांना मान्य होती, आणि आमच्या इमारतीतल्या अठ्ठावीस बिऱ्हाडांना तर आमच्याही आधी मान्य होती. मान्य नव्हती ती फक्त व्हिसा कचेरीला. ती पटवून देण्यात माझे पावणेचार महिने गेले, एक नवा पलंग गेला, आणि आवक-जावक विभागात एकतीस वर्षं जपलेली अब्रू गेली.

आवक-जावक म्हणजे काय ते आधी सांगतो. नमनाला घडाभर तेल होईल, पण इलाज नाही. पाणीपुरवठा कचेरीत बाहेरून येणारा प्रत्येक कागद माझ्या टेबलावर यायचा. मी त्याच्यावर शिक्का मारायचो, आवक नोंदवहीत क्रमांक टाकायचो आणि योग्य त्या टेबलाकडे धाडायचो. बाहेर जाणाऱ्या कागदासाठी जावक नोंदवही. अपुरा अर्ज आला की तो मी तिथल्या तिथे परत करायचो. एकतीस वर्षांत दहा हजार अर्ज तरी मी परत केले असतील, आणि त्यातला एकही चुकून नाही. तेव्हा अर्ज कसा नसावा, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

आमचे चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहेत. कंपनीनं त्यांना दोन वर्षं परदेशी धाडलं, तिथे सूनबाई भेटली, तिथेच नोंदणी करून लग्न झालं, मग कंपनीनं चिरंजीवांना परत बोलावलं आणि सूनबाई तिकडेच राहिली. पूर्वेतिहास एवढाच. सूनबाई दाताच्या दवाखान्यात कवळ्या बनवते. माझ्या तोंडात आत्ता जी वरची कवळी आहे ती तिच्या हातची. लग्नासाठी आम्ही दोघं आठ दिवस तिकडे गेलो होतो तेव्हा माझी जुनी कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी, रजेवर असताना, ही पोरगी दवाखान्यात जाऊन बसली आणि संध्याकाळी नवी कवळी घेऊन आली. म्हणाली, "बाबा, उद्या फोटो. तुम्ही हसायचं." इतकी गुणाची सून सख्ख्या नात्यात शोधून मिळाली नसती.

तर एका रविवारी जेवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, तिच्या दवाखान्याला पाच वर्षांचा करार करायचाय. चार महिन्यांत हो की नाही ते सांगायचं आहे."

"मग नाही म्हणून सांगू दे. ती इकडे येणार ना?"

"व्हिसा मिळाला तर. नाही मिळाला तर ती करार करेल आणि मी तिकडे जाईन."

"किती दिवस?"

चिरंजीवांनी ताटात पाहिलं. "दिवस नाही, बाबा."

ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ पूर्ण सोडला. धुवायला आत काही नव्हतं, सगळी भांडी टेबलावर होती. पाणी असं वाया जाताना मला बघवत नाही, पण त्या दिवशी मी आत जाऊन नळ बंद केला नाही. जावक नोंदवहीत एकदा क्रमांक पडला की तो कागद परत येत नाही. ते मला जितकं ठाऊक होतं तितकं त्या घरात कोणालाच नव्हतं, आणि मला एकुलता एक मुलगा आहे.

"तू लिफ्ट बघ," मी म्हणालो. "कागद मी बघतो."

"अहो, अर्ज त्याचा आहे. तुम्ही मध्ये मध्ये करू नका," ही आतून म्हणाली. हे वाक्य ही लग्न झाल्यापासून म्हणते आहे, त्यामुळे मला ते ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी व्हिसा कचेरीतून माहितीपुस्तिका आणली. बासष्ट पानं. परदेशी जोडीदाराला घरी आणायचे चार मार्ग त्यात दिले होते: पर्यटक व्हिसा, कौटुंबिक भेटीचा व्हिसा, कामाचा व्हिसा आणि जोडीदाराचा व्हिसा. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, मुदती वेगळ्या, आणि प्रत्येक अटीखाली बारीक अक्षरात "अपवादासाठी पान क्रमांक अमुक पाहा". त्या पानावर गेलं की तिथे पुन्हा पहिल्या पानाचा क्रमांक. मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर चार रंगांच्या पेन्सिलींनी तक्ता आखला आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला. आठवडाभर आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तो तक्ता वाचून सल्ला देऊन जात होता.

पहिला सल्ला शेजारच्या अनुभवींचा. यांना सगळी इमारत अनुभवी म्हणते, कारण कुठलाही विषय निघाला की "मला अनुभव आहे" असं म्हणूनच ते तोंड उघडतात. परदेशाचा त्यांचा अनुभव चार दिवसांचा आहे आणि त्यातले दोन विमानतळावर गेले, कारण त्यांची बॅग हरवली होती.

"पर्यटक!" तक्त्यावर बोट आपटून ते म्हणाले. "डोळे झाकून पर्यटक. एकदा आत आली की कोण हलवतंय तिला? मला अनुभव आहे."

तळमजल्यावरच्या शिंप्यांचं मत कामाच्या व्हिशाला पडलं. "माझ्या दुकानात कारागीर म्हणून दाखवा."

"अहो, पण तिला शिवता येत नाही."

"माझ्याकडे आहेत त्यांना तरी कुठे येतं?" ते म्हणाले, आणि माझा मागच्या महिन्यात शिवलेला शर्ट आठवून मला ते पटलं.

हिच्या बहिणीनं फोनवरून धीर दिला. "पहिल्यांदा नाहीच म्हणतात ते. आमच्या ओळखीत एकाला सात वेळा नाही म्हणाले."

"मग आठव्यांदा?"

"आठव्यांदा कशाला? त्यानं इथलीच केली."

ही बातमी मी चिरंजीवांपर्यंत जाऊ दिली नाही.

अनुभवींचा सल्ला मला तितकासा रुचला नव्हता, पण तो सगळ्यांत सोपा होता आणि पर्यटक व्हिसा दहा दिवसांत मिळत होता. एकदा विचारून घेतलेलं काय वाईट, म्हणून मी व्हिसा कचेरीत गेलो. चौकशीच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. दीड तासानं माझा नंबर लागला. मी शक्य तितक्या सहजपणे म्हणालो, "समजा, एखादी सून पर्यटक म्हणून आली आणि परत जायला विसरली, तर?"

खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला. "कोणाची सून?"

"अशीच. एखाद्याची."

"विसरली तर तिला परत पाठवतात आणि पाच वर्षं येऊ देत नाहीत. आणि विसरायला सांगणाऱ्याचं नाव आम्ही लिहून ठेवतो. आपलं नाव?"

इथे माझ्या एकतीस वर्षांच्या सवयीनं माझा घात केला. कचेरीत कोणी नाव विचारलं की आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, पत्ता मजल्यासकट, असं मी खणखणीत आवाजात सांगून मोकळा झालो. बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येऊन मी तक्त्यातला पर्यटकाचा रकाना खोडला. भेटीच्या व्हिशावर तीन महिन्यांत परत जावं लागत होतं, तोही खोडला. शिवणकाम मी मुळातच मनावर घेतलं नव्हतं. राहता राहिला जोडीदाराचा व्हिसा, म्हणजे चिरंजीव ज्याच्याबद्दल पहिल्या दिवसापासून बोलत होते तोच. पण मी इतर मार्ग अभ्यासपूर्वक खोडले होते, त्यांनी नुसते खोडले असते.

जोडीदाराच्या व्हिशाला तीन मुख्य अटी होत्या. एक, अर्जदाराला कायम नोकरी हवी. दोन, जोडप्याला स्वतंत्र खोली हवी, आणि ती बघायला अर्ज देण्याआधीच तपासनीस येणार. तीन, लग्न खरं असल्याचे पुरावे हवेत: एकत्र छायाचित्रे आणि पत्रव्यवहार.

खोलीपासून सुरुवात केली. आमच्याकडे एक खोली होती, पण तिच्यात मी निवृत्त होताना घरी आणलेले कागद होते. ते हिनं एका दुपारी, मी बाहेर गेलो असताना, रद्दीत घातले. त्याबद्दल मी आजही बोलत नाही. मग पलंग आणला. पलंग आला त्याच सकाळी तपासनीसही येणार होता, पण तो अकराला आणि पलंग नऊला, त्यामुळे घाई नव्हती. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. पलंगाचं डोक्याकडचं फळकूट लिफ्टमध्ये मावेना. हमाल जिन्यानं न्यायला निघाले होते, तेवढ्यात अनुभवी आले.

"तिरकं घाला. मला अनुभव आहे."

फळकूट तिरकं आत गेलं, त्याच्या मागे अनुभवी आत गेले, दार लागलं, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट बंद पडली. मी चिरंजीवांना फोन केला. ते हातातलं काम टाकून आले आणि हत्यारं घेऊन लिफ्टच्या डोक्यावर उतरले. आतून अनुभवी त्यांना सूचना देत होते. पावणेअकरालाच तपासनीस हजर झाला. सहा मजले चढून आला तेव्हा त्याला बोलायला दोन मिनिटं लागली.

"अर्जदार कुठे आहेत?"

"लिफ्टच्या वर."

"काय करतायत?"

"दुरुस्त करतायत."

"आणि नोकरी काय म्हणालात त्यांची?"

"लिफ्ट दुरुस्त करण्याची," मी म्हणालो. त्यानं बंद लिफ्टच्या दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वहीत बरंच काही लिहिलं. खोलीत त्याला पलंगाचे चार पाय आणि एक बाजू दिसली. बाकीचा पलंग आणि एक शेजारी लिफ्टमध्ये आहे असं मी त्याला सांगितलं, तेही त्यानं लिहिलं. फळकूट शेवटी करवतीनं दोन तुकडे करूनच बाहेर आलं. अनुभवी अखंड बाहेर आले.

आता राहिले पुरावे, आणि हा तर माझा हातखंडा. लग्नाच्या आठ दिवसांतले शेहेचाळीस फोटो मी निवडले. ज्यांत सगळे नीट दिसतात, सगळ्यांचे डोळे उघडे आहेत आणि कवळी चांगली दिसते, असे. दोघांचेच काही फोटो चिरंजीवांच्या फोनमध्ये होते म्हणे, पण ते त्यांच्या फोनमध्ये. बापानं मुलाच्या फोनमध्ये डोकवायचं म्हणजे काय? पत्रव्यवहाराचंही तेच. नवराबायकोनं एकमेकांना पाठवलेले निरोप सासऱ्यानं वाचून, छापून, वर क्रमांक टाकायचे? माणसाला काही रीतभात असते. म्हणून मी त्याला अतिशय सभ्य तोड काढली. सूनबाई मलाही रोज निरोप पाठवते. चिरंजीवांकडून शिकून आपल्या भाषेत लिहिते. रोजच्या तारखा, सलग मजकूर, आक्षेपार्ह काही नाही. तेच तीनशे ऐंशी निरोप मी छापून घेतले.

चिरंजीव तेव्हा एका मोठ्या इमारतीच्या चार लिफ्टमध्ये अडकले होते. म्हणजे कामात. रोज घरी येऊन जेवायचे, आणि तिकडे तेव्हा सकाळ असायची, सूनबाई दवाखान्यात जायच्या आत तिला फोन करता यावा म्हणून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. पूर्वी त्या गॅलरीतून हसण्याचा आवाज यायचा. हल्ली नुसतं "हो", "बघू", "चालू आहे" एवढंच ऐकू यायचं. त्यांच्यापुढे फाइल ठेवून मी म्हणालो, "इथे, इथे आणि इथे सही कर."

"बाबा, एकदा वाचू द्या तरी."

"वाचायला मी आहे ना."

त्यांनी चौदा ठिकाणी सह्या केल्या. फाइल दोनशे चौदा पानांची झाली. पुढे अनुक्रमणिका, प्रत्येक विभागाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी, कोपऱ्यात पानांचे क्रमांक, लाल दोरा. ती खिडकीत दिली तेव्हा बाई म्हणाल्या, "जाड आहे." मला ती शाबासकी वाटली.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. तोपर्यंत चार महिन्यांतले फक्त अकरा दिवस उरले होते. पत्र चिरंजीवांच्या नावाचं होतं, पण मी फोडलं. "सादर केलेल्या कागदपत्रांवरून सदर विवाह खरा असल्याबद्दल या कार्यालयाचे समाधान झालेले नाही. तरी अर्जदाराने, छायाचित्रांत मध्यभागी उभा असलेल्या इसमासह, हे पत्र मिळाल्यापासून दोन दिवसांनी सकाळी दहा वाजता समक्ष हजर राहावे."

ही खुर्चीत बसली. चिरंजीवांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि "मी तिला सांगून ठेवतो, करार करून टाक म्हणून," एवढं बोलून गॅलरीत गेले.

मला दोन गोष्टींनी रात्रंदिवस छळलं. एक, पोरगा चालला. दोन, इसम! एकतीस वर्षं मी लोकांना कागदोपत्री इसम म्हणत आलो. त्यात इतका अपमान असतो याची मला कल्पनाच नव्हती.

त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. हिला कोणी बोलावलं नव्हतं, पण "मी बाहेर बसेन" म्हणून ही आली. आत जे साहेब होते ते माझ्याच वयाचे, माझ्याच पठडीतले. टेबलावर शिक्के ओळीनं लावलेले, पेन्सिली टोक केलेल्या. मला बरं वाटलं. त्यांनी आमची फाइल पुढे ओढली.

"ही फाइल कोणी लावली?"

"मी," मी म्हणालो.

"सुंदर लावली आहे. तीस वर्षांत अशी फाइल बघितली नाही." माझी छाती फुगली. "पण हिच्यात लग्न कुठे आहे?"

त्यांनी फोटो एकेक करून टेबलावर मांडायला सुरुवात केली. "नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांवर. डावीकडे नवरी, उजवीकडे अर्जदार. मध्ये हे कोण?"

"माझे वडील," चिरंजीव म्हणाले.

"तळ्याकाठी. मध्ये?"

"वडील."

"हॉटेलात जेवताना?"

"वडीलच."

"नवरानवरी एकमेकांना फूल देतायत. फूल मध्ये कोणाच्या हातात आहे?"

"ते पास करत होते," चिरंजीव म्हणाले.

"अहो साहेब," मला राहवेना, "वडीलधारा माणूस फोटोत मध्ये उभा राहतो. आमच्या घरात पहिल्यापासून तसंच आहे. कडेला उभा राहिलो तर लोक म्हणतील रुसलाय."

"शेहेचाळीस," साहेब म्हणाले. "मोजले मी. शेहेचाळिसांतही तुम्ही मध्ये आहात आणि शेहेचाळिसांतही तुम्ही हसताय." मग त्यांनी पत्रव्यवहाराचा विभाग उघडला आणि वाचायला लागले. "'बाळ, जेवलीस का?' 'हो बाबा. कवळी टोचते?' 'डावीकडे किंचित.' 'कोमट पाण्यात ठेवा, बाबा.' दुसऱ्या दिवशी: 'बाळ, जेवलीस का?' 'हो बाबा. आता टोचते?' हे असं तीनशे ऐंशी दिवस आहे. अर्जदाराचं एक अक्षर नाही. या कागदांवरून त्या बाईंचं कोणाशी काही नातं असेलच तर ते तुमच्याशी आहे."

"आहेच!" मी म्हणालो. "साहेब, ती किती मनापासून करते बघा. तुम्हाला कागदच नको असेल तर प्रत्यक्ष पुरावा..." आणि मी तोंडात हात घातला. चिरंजीवांनी माझं मनगट धरलं.

साहेबांनी फोटो गोळा केले. "शेवटचं विचारतो," ते चिरंजीवांना म्हणाले. "तुम्हा दोघांचाच, फक्त दोघांचा, एखादा फोटो आहे?"

चिरंजीवांनी खिशातून फोन काढला. हातात धरला. उघडेनात. त्यांचे कान लाल व्हायला लागले. लहानपणी काचेचं काही फुटलं की असेच व्हायचे. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी उठलो. खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर आलो.

बाहेर लांबलचक बोळ होता आणि भिंतीला लागून बाक. ही बाकावर बसली होती. मी तिच्यापासून एक जागा सोडून बसलो.

"काय झालं?"

"मला बाहेर काढलं."

"साहेबांनी?"

"तुझ्या मुलानं."

हिनं मांडीवरची पर्स बंद केली. मग म्हणाली, "होईल मग काम."

मला भयंकर राग आला. चार महिने मी झिजलो, उभा राहिलो, इसम झालो, आणि वर हे! पण बोलतो कोणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यातून दात सुनेचे. "मी काय वाईट केलं?" मी म्हणालो. "पोरगं जवळ राहावं म्हणूनच ना केलं सगळं?"

"वाईट कोण म्हणतंय?" ही म्हणाली. "आपल्या लग्नाचा फोटो आठवतो तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? हॉलमध्ये तर आहे."

"त्यात मध्ये कोण आहे?"

मला विचार करावा लागला नाही. मध्ये माझे वडील आहेत. हातात काठी, अंगात कोट.

"छत्तीस वर्षं मी त्या फोटोची काच पुसतेय," ही म्हणाली. "आधी मामंजींचा कोट पुसते. मग एका कडेला तुम्ही, दुसऱ्या कडेला मी. आपला दोघांचाच फोटो आहे का कुठे? एक तरी?"

मी आठवायला लागलो. सहलीचे फोटो, वडील मध्ये. चिरंजीवांचा पहिला वाढदिवस, वडील मध्ये. ते गेल्यानंतरचे, चिरंजीव मध्ये. पुढचे सगळे, मी मध्ये आणि ही कुठेतरी मागे, नाहीतर फोटो काढणारी.

"नाही," मी म्हणालो.

"आपल्याला कोणी पुरावा मागितला नाही म्हणून निभावलं," ही म्हणाली. "मागितला असता तर काय दाखवणार होतात? फाइल?"

ती हे रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. मला फार वाईट वाटलं. ती जी एक जागा मी आमच्या मध्ये सोडली होती ती कोणासाठी सोडली होती, तेही मला सांगता येईना. आतून साहेबांच्या हसण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ चिरंजीवांच्या. तो आवाज मी गॅलरीतून ऐकला त्याला कित्येक महिने झाले होते.

दार उघडलं. चिरंजीवांचे कान अजून लालच होते. मागून साहेब डोकावले. "आता या तुम्ही आत, चला."

"नको," मी म्हणालो. "मी बाहेर बरा आहे."

साहेबांनी फाइल परत आणून दिली. तिच्याऐवजी त्यांनी चिरंजीवांच्या फोनमधले सहा फोटो छापून घेतले होते. ते मी पाहिले नाहीत, अजूनही पाहिलेले नाहीत. "ही जपून ठेवा," फाइल माझ्या हातात देत ते म्हणाले. "नव्या कारकुनांना दाखवण्यासारखी आहे." इतर कुठल्याही दिवशी मी हे वाक्य अठ्ठावीस बिऱ्हाडांना सांगून आलो असतो.

व्हिसा सातव्या दिवशी मिळाला. मुदतीचे दोन दिवस शिल्लक होते. सूनबाईनं दवाखान्याला 'नाही' असं कळवून टाकलं, आणि त्या दिवशी हिनं भांडी घासताना नळ बारीक सोडला होता हे माझ्या लक्षात आलं.

ती आली त्या दिवशी आम्ही विमानतळावर गेलो. गाडी अनुभवींची, कारण विमानतळाचा त्यांना अनुभव आहे. सूनबाई दोन बॅगा ढकलत बाहेर आली. चिरंजीव अडसर ओलांडून पलीकडे गेले, तेव्हा मी मुद्दाम उड्डाणांच्या वेळापत्रकाचा फलक वाचायला घेतला. बराच वेळ वाचला. मग ती आमच्याकडे आली, हिला मिठी मारली, आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, टोचते?"

"नाही गं बाळ," मी म्हणालो. खरं म्हणजे डावीकडे अजून टोचते.

"फोटो काढू," चिरंजीव म्हणाले, आणि दोघांनी सवयीनं मध्ये माझ्यापुरती जागा केली. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. "तुम्ही दोघंच उभे राहा. सरका, जवळ सरका." तो फोटो चांगला आला आहे. फक्त कोपऱ्यात माझा अंगठा आला आहे.

"आता तुम्ही दोघं," चिरंजीव म्हणाले आणि त्यांनी फोन सूनबाईच्या हातात दिला. मी आणि ही शेजारी उभे राहिलो. अंतर होतं दोन हातांचं. अनुभवी लगबगीनं आले आणि त्या जागेत उभे राहिले. "दोघांच्या फोटोत मध्ये रिकामं दिसतं. मला अनुभव आहे."

"भावोजी," ही म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

अनुभवी बाहेर झाले. जागा तशीच राहिली. सूनबाईनं फोनमधून बघत हात हलवला, "बाबा, जवळ." माणसं येत-जात होती, बॅगा ढकलत होती, आणि मला उगाच सगळे आमच्याकडेच बघताहेत असं वाटलं.

"या ना," ही हळूच म्हणाली. "मामंजी नाहीत आता मध्ये."

मी सरकलो.

फोटो फ्रिजच्या दारावर लावला आहे, तक्ता होता त्या जागी. त्यात मी हसतो आहे आणि कवळी स्वच्छ दिसते. ही मात्र समोर बघतच नाही, माझ्याकडे बघते आहे. चिरंजीव म्हणाले, दुसरा काढू, यात आईचं लक्ष नाही. मी म्हणालो, राहू दे, पुरावा म्हणून हाच चालेल.